मधुमेह : काही कमी परिचित प्रकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सिव्हिल लाइन्स, जबलपूर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी रोगाविषयी बोलावे की न बोलावे, असा संकोच आमच्या मनात होता. परंतु थोड्या वेळापूर्वी आपणा सर्वांना चहा देण्यात आला, तेव्हा दोन तबके फिरत होती. एक साखरेच्या चहाचे आणि दुसरे बिनसाखरेच्या. त्यांपैकी दुसरे तबक आधी रिकामे झाले. ते पाहून आमचा संकोच मावळला. मधुमेह हा आता आपल्या घरातलाच विषय झाला आहे, आणि घरातल्या विषयावर घरच्या मंडळींशी बोलण्यास हरकत नसावी.

आपण महाराष्ट्रापासून दूर राहणारी माणसे. नागपूर-पुण्याच्या आप्तांशी आपला संबंध टिकून आहे तो दूरध्वनीने, लग्नकार्याने आणि सणावारी येणाऱ्या डब्यांनी. अलीकडे त्या डब्यांबरोबर औषधांच्या चिठ्ठ्याही येऊ लागल्या आहेत. नागपूरच्या मावशीला जी गोळी लागू पडली ती जबलपूरच्या भाचीलाही पडेल, आणि पुण्याच्या काकांनी भात सोडून साखर उतरवली म्हणून इथल्या पुतण्यानेही भात सोडावा, असा प्रेमळ आग्रह त्यात असतो. या आग्रहामागे एक समजूत दडलेली आहे. मधुमेह म्हणजे एकच रोग, आणि तो खाण्यापिण्याच्या अतिरेकाने होतो, ही ती समजूत. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि काही रोग्यांच्या बाबतीत तिचे परिणाम भयंकर होतात. आज त्या काही रोग्यांविषयीच आम्ही बोलणार आहोत.

आरंभ आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी भेडाघाटच्या बाजूचा एक तरुण आमच्याकडे आला. संगमरवराच्या मूर्ती घडवण्याचे त्याचे काम. वय चोविसाच्या आसपास, वजन अवघे अडतीस किलो, आणि रक्तातील साखर चारशेच्या वर. आम्ही त्याला त्या वेळी सर्वांना देत असू त्या गोळ्या दिल्या, आणि सर्वांना देत असू तो पथ्याचा छापील कागदही दिला. भात कमी, बटाटा वर्ज्य, तूप वर्ज्य, रात्रीचे जेवण हलके, वजन उतरवावे. तो कागद सिव्हिल लाइन्समधल्या बैठ्या कामाच्या, पोट सुटलेल्या गृहस्थांसाठी तयार केलेला होता. त्या तरुणाने तो अक्षरशः पाळला. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्याने आम्हांला हात जोडून विचारले, “साहेब, आता आणखी काय सोडू?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. हा प्रश्न आम्ही अद्याप विसरलेलो नाही, आणि आजच्या व्याख्यानाचे मूळही तेथेच आहे.

प्रथम नेहमीचे दोन प्रकार थोडक्यात पाहू. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिच्यातील विशिष्ट पेशी इन्शुलिन निर्माण करतात, आणि त्याच्या साहाय्याने रक्तातील साखर स्नायूंत व इतर पेशींत शिरते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशींचा नाश करते. तो बहुधा बालवयात किंवा तरुणपणी दिसतो, आणि त्यात इन्शुलिनवाचून जीव वाचत नाही. सन १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी अशी मुले काही महिन्यांत दगावत असत. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि पुढे ते कमीही पडू लागते. शंभर मधुमेहींपैकी नव्वदांच्या आसपास याच प्रकारचे असतात. पथ्य, चालणे, वजन उतरवणे हा सारा उपदेश त्यांच्यासाठी योग्यच आहे. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा.

आपल्या पूर्वजांनी हा भेद अगदीच ओळखला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यामुळे होणारा, असे दोन भेद सांगितले आहेत; पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा स्थूल असे वर्णन आहे. चरकसंहितेने तर उपचारही निराळे सांगितले. बलवान व स्थूल रोग्याला शोधन, आणि कृश व दुर्बल रोग्याला बृंहण, म्हणजे पोषण. प्राचीनांना आजचे सर्व काही ठाऊक होते असा आमचा दावा नाही. परंतु रोग्याला औषध देण्यापूर्वी त्याच्या देहाकडे पाहावे, हे त्यांनी आवर्जून सांगितले होते, आणि आम्ही छापील कागदाच्या भरवशावर नेमके तेच विसरलो होतो.

आधुनिक वैद्यकात या कृश मधुमेहाची कथा मोठी चमत्कारिक आहे. सन १९५५ मध्ये ह्यू-जोन्स या डॉक्टरांनी जमैका बेटावरील काही रोग्यांचे वर्णन केले. ते तरुण होते, सडपातळ होते, त्यांना इन्शुलिन लागे. परंतु इन्शुलिन चुकले तरी पहिल्या प्रकारच्या रोग्यांप्रमाणे त्यांच्या रक्तात आम्ल साठून ते बेशुद्ध पडत नसत. भारतात कटक येथील डॉ. त्रिपाठी व डॉ. कर यांनी सन १९६५ मध्ये अशाच रोग्यांविषयी लिहिले. सन १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणाशी निगडित मधुमेह’ हा स्वतंत्र वर्ग मान्य केला, आणि सन १९९९ मध्ये, कुपोषणानेच मधुमेह होतो असा पुरेसा पुरावा नाही म्हणून, तो वर्ग काढूनही टाकला. वर्ग गेला, रोगी मात्र दवाखान्यांच्या रांगांत उभेच राहिले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांनी सहकाऱ्यांसह सूक्ष्म तपासण्या केल्या. सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात असे आढळले की या कृश रोग्यांत इन्शुलिनची निर्मितीच तुटपुंजी असते. पण दुसऱ्या प्रकारातल्यासारखा इन्शुलिनला होणारा विरोध त्यांच्यात नसतो. जानेवारी २०२५ मध्ये वेल्लोर येथे तज्ज्ञांची बैठक झाली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बँकॉक येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या विकाराला ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ या नावाने मान्यता दिली. जगात असे दोन ते अडीच कोटी रोगी असावेत असा अंदाज आहे. काही तज्ज्ञांना हा वर्ग अजूनही मान्य नाही. तो वाद चालू राहील. परंतु ज्याला पोटभर अन्न मिळालेले नाही अशा माणसालाही मधुमेह होऊ शकतो, एवढे तरी आपण पक्के ध्यानात ठेवावे.

असे का व्हावे? याचे एक उत्तर शोधण्याचे श्रेय पुण्याला जाते, याचा आपणा मराठी माणसांना रास्त अभिमान वाटावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सन १९९३ पासून सुरू केला. त्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बालकांशी तुलना केली गेली. आपल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तिकडच्यांचे ३.५ किलो. आपली बालके लहान होती, स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात असतानाच काटकसर करावी लागलेला देह पुढे साखरेचा भार नीट पेलू शकत नाही, असा या अभ्यासाचा रोख आहे. म्हणून सुनेच्या आणि लेकीच्या गरोदरपणातील जेवण हा डोहाळजेवणाच्या एका दिवसाचा विषय नव्हे. तो नऊ महिन्यांचा, किंबहुना त्याही आधीपासूनचा विषय आहे.

अशा कृश रोग्याचा उपचार कोणता? नवा वर्ग असल्याने सर्वमान्य नियम अजून ठरावयाचे आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. इन्शुलिन लागले तर ते लहान मात्रेने सुरू करावे, कारण ज्याच्या घरी दुसऱ्या जेवणाची शाश्वती नाही, त्याला मोठी मात्रा दिल्यास साखर एकाएकी उतरून तो दगावण्याचा संभव असतो. काहींना गोळ्याही पुरतात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्याचे अन्न तोडू नये, ते वाढवावे. डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे आणि पोटभर भाकरी हे त्याचे पथ्य. आमच्या त्या मूर्तिकाराला आम्ही शेवटी हेच दिले. थोडे इन्शुलिन आणि पुरते जेवण. वर्षभरात त्याचे वजन आठ किलोंनी वाढले आणि छिन्नी पुन्हा हाती आली. त्याच्या घरी शीतकपाट नव्हते. जबलपूरच्या वैशाखात इन्शुलिनची कुपी तो ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवी. माठ हे त्या परिस्थितीत चांगले साधन आहे, हे येथे सांगून ठेवतो.

अशाच सडपातळ तरुणांत आणखी एक विकार दडलेला असतो. स्वादुपिंडात खडे होतात. इंडोनेशियात सन १९५९ मध्ये झ्वीडेमा यांनी आणि पुढे केरळात डॉ. जीवर्गीस यांनी असे शेकडो रोगी पाहिले. लहानपणापासून पोटात, पाठीपर्यंत जाणारी कळ, नंतर तेलकट, तरंगणारा शौच, आणि तारुण्यात मधुमेह, असा त्याचा क्रम असतो. टॅपिओकाच्या कंदामुळे हे होते असे एके काळी मानले जाई. ते सिद्ध झाले नाही, आणि आता काही आनुवंशिक दोषही सापडले आहेत. पोटाच्या साध्या क्ष-किरण चित्रात किंवा सोनोग्राफीत हे खडे दिसू शकतात. यांना बहुधा इन्शुलिन लागते, आणि शिवाय जेवणाबरोबर पाचक रसांच्या कॅप्सूलही लागतात. त्या न दिल्यास खाल्लेले अंगी लागत नाही. दारू आणि तंबाखू यांना तर येथे मुळीच थारा नसावा. दारूने किंवा अन्य कारणाने स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन होणारा मधुमेहही याच जातीचा.

आता घराण्यांकडे वळू. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची मोठी हौस आहे. त्यात कोण कोठून कोठे गेला, कोणाला काय पदवी मिळाली, हे सारे असते; पण कोणाला कितव्या वर्षी मधुमेह झाला, हे नसते. ते असते तर डॉक्टरांचे मोठे काम झाले असते. एकाच जनुकातील दोषामुळे होणारा एक मधुमेह आहे. सन १९७४-७५ च्या सुमारास टॅटरसॉल व फायान्स यांनी तो नीट ओळखला, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘मोडी’ म्हणतात. आपल्या मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही. पण दोन्ही वाचावयास जाणकार लागतो, एवढे साम्य खरे. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांत, बहुधा पंचविशीच्या आत, लठ्ठपणा नसताना मधुमेह दिसला तर याची शंका घ्यावी. प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. याच्या एका उपप्रकारात साखर जन्मापासून किंचित जास्त असते, वाढत नाही, आणि गरोदरपण वगळता बहुधा कोणतेही औषध लागत नाही. दुसऱ्या एका उपप्रकारात सल्फोनिलयुरिया जातीची जुनी, स्वस्त गोळी लहान मात्रेत उत्तम काम करते. अशा कित्येक तरुणांना पहिल्या प्रकारचे समजून वर्षानुवर्षे इन्शुलिन टोचले गेले आहे. आईकडूनच मुलांना येणारा आणि बहिरेपणाबरोबर दिसणारा असाही एक विरळ मधुमेह आहे; त्यात मेटफॉर्मिन ही सर्वपरिचित गोळी शक्यतो टाळतात.

याहून हृद्य गोष्ट तान्ह्या बाळांची. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला, तर तो बहुधा पहिल्या प्रकारचा नसतो, जनुकांतील दोषाचा असतो. सन २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्सटर येथील अॅना ग्लॉइन, अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील एक प्रमुख दोष शोधून काढला. या दोषात इन्शुलिन तयार असते, पण ते पेशीबाहेर पडत नाही. आणि सल्फोनिलयुरियाची गोळी ते बाहेर पडण्यास मदत करते. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे अशा ४९ रोग्यांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन पूर्णपणे सुटले. ज्या बाळाला दिवसातून अनेकदा सुई टोचावी लागे, त्याला गोळी पुरेशी झाली! ही जनुकीय तपासणी आता भारतातही होते. चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन ही संस्था या कामात अग्रेसर आहे. मात्र येथे कळकळीची विनंती आहे. हे ऐकून कोणीही आपल्या मुलाचे इन्शुलिन स्वतःच्या मनाने थांबवू नये. पहिल्या प्रकारच्या मुलाचे इन्शुलिन बंद करणे म्हणजे त्याचा प्राण घेणे होय. तपासणीचा निकाल हाती आल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हा बदल करावयाचा असतो.

उलट प्रकारची फसगत प्रौढांत होते. चाळिशीतला सडपातळ गृहस्थ, सर्वजण त्याला दुसऱ्या प्रकारचा समजतात. गोळ्यांनी वर्ष-दोन वर्षे बरे जाते, मग साखर आवरत नाही. घरची मंडळी म्हणतात, हा चोरून गोड खातो. वास्तविक त्याच्या शरीरात पहिल्या प्रकाराचीच विनाशक्रिया मंद गतीने चाललेली असते. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांच्या तपासणीने ती ओळखता येते, आणि त्याला इन्शुलिन वेळेवर दिले पाहिजे. अशांना, आणि एकूणच ज्यांचे इन्शुलिन तुटपुंजे आहे त्यांना, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नये, ती यासाठी.

काही मधुमेह औषधांतून येतो. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांसाठी स्टेरॉइड दिले जाते. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर दुपारनंतर चढते; उपाशीपोटीची तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून अशा वेळी दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहावी. सन २०२१ च्या साथीत स्टेरॉइड आणि अनावर साखर यांच्या संगतीने काळ्या बुरशीने किती घरे उद्ध्वस्त केली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सांधेदुखीवरच्या अनोळखी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तरीही बऱ्याच दिवसांचे स्टेरॉइड एकदम थांबवू नये. तेही घातक असते.

शेवटी आपल्या भूमीचा एक प्रश्न. महाकोशल आणि विदर्भ, म्हणजे आपले आजचे घर आणि अनेकांचे मूळ घर, हे दोन्ही सिकलसेलच्या पट्ट्यात येतात. आपल्या जबलपुरातच सन १९८४ पासून आदिवासींच्या आरोग्याविषयी संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था या रक्तविकारांवर काम करीत आहे, आणि सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या शहडोलहून झाला. याचा मधुमेहाशी संबंध असा : तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रोग्यात त्या पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. नुकतेच रक्त दिले असले तरीही तो भरवशाचा नसतो. तेथे प्रत्यक्ष साखर मोजणे, किंवा फ्रुक्टोसामाइनची तपासणी करणे योग्य. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातील लोह स्वादुपिंडात साठून त्यांना मधुमेह होऊ शकतो. लोह बाहेर काढणारी औषधे नियमाने घेणे हाच तेथे मधुमेहाचा प्रतिबंध आहे.

मंडळी, इतके प्रकार ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. बहुतेकांचा मधुमेह नेहमीचाच असतो, आणि त्यांनी आपले पथ्य व चालणे सोडू नये. परंतु रोगी सडपातळ असेल, तिशीच्या आतला असेल, सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल, तीन पिढ्यांत तरुणपणीच रोग आला असेल, पोटात जुनी कळ असेल, ऐकू कमी येत असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा घरात सिकलसेल अथवा थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न नम्रपणे अवश्य विचारावा : “हा कोणत्या प्रकारचा मधुमेह आहे?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आम्हांला तो त्या वेळी कोणी विचारला असता तर आम्ही उपकारच मानले असते.

मंडळाकडे आमचे एक मागणे आहे. दर वर्षी आपण साखर तपासणीचे शिबिर भरवतो. यापुढे त्या टेबलावर वजनकाटा आणि कमरेचे माप घेण्याची पट्टीही ठेवावी, आणि पथ्याचे कागद दोन छापावेत. एक वजन उतरवण्याचा आणि एक वजन वाढवण्याचा. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई, बागेतला माळी, रिक्षावाला यांनाही आग्रहाने बोलवावे. कारण दुसऱ्या कागदाची गरज कदाचित त्यांनाच अधिक असेल. त्यांच्यापैकी कोणावर “आणखी काय सोडू?” असे विचारण्याची पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.